साठ मिनिटांचा किल्ला

जालना,
रविवार

प्रिय ताई,


फोनवर तू विचारलंस, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अजून तितकाच चांगला वाटतो, की आपण लहान होतो म्हणून आवडायचा? आणि तुझ्या छोटूला सुट्टीत खेळायला द्यावा का? घरात पाहुणे होते, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. सध्या रात्री जेवणं झाली की मी तो पुन्हा खेळतोय. आपलं लहानपण बाजूला ठेवून सांगतो, तो आजही फार मोठा गेम आहे. शिवाय त्यात एक गोष्ट अशी सापडली, की ती तुला कळवल्याशिवाय चैन पडेना.

आधी जाणवतं ते त्या राजकुमाराच्या अंगाचं वजन. पळताना बटण सोडलं तरी तो जागच्या जागी थांबत नाही, पाय रोवत थोडा पुढे जातो. कडेला लोंबकळला की हातांवर भार आलेला दिसतो. गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने हे मनाने काढलेलं नाही. धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून त्याने पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि मग एकेक चित्र गिरवून कॉम्प्युटरमध्ये घातलं. तलवारबाजी घेतली १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या द्वंद्वावरून. संगीत वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. १९८९ मध्ये ॲपल टू वर आणि पुढच्या वर्षी डॉसवर हा गेम आला. लिहिला जवळजवळ एकट्याने, पण राबलं सगळं घर. म्हणून तो जुना होत नाही. चित्रांची फॅशन बदलते. माणूस पळतो तो तसाच पळतो.

त्या किल्ल्यात आपल्याला कोणी काही सांगत नाही. नकाशा नाही, बाण नाही. वजीर जाफरने राजकन्येला एक तास दिलेला, आपण तळघरात, हातात तलवारसुद्धा नाही. ती शोधायची, शिपायासमोर निःशस्त्र गेलं की एका फटक्यात खेळ संपला. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर एक जीव जातो, तीन मजल्यांवरून पडलं की मरण. हा नियम कुठे लिहिलेला नाही, तो पडूनच कळतो. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकलं तर खिळ्यांमधूनही सुखरूप जाता येतं, हेही तसंच. मेलं की लेव्हल पहिल्यापासून, घड्याळ मात्र मागे येत नाही.

नव्या जालन्यातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मॉनिटर काळा-पांढरा होता. जीव भरणारी बाटली आणि विषाची बाटली आपल्याला सारखीच दिसायची. कुठल्या खोलीतली प्यायची नाही, हे तू वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने चौकोन काढून लिहून ठेवायचीस. लाइट गेली की घड्याळासकट सगळं जायचं, आणि सेव्ह तर तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच करता यायचं. तरी लाइट आल्यावर आपण त्याच तळघरातून भराभर वर यायचो, कारण वाट पायांना पाठ झालेली असायची. आज बाटल्यांवरचे लाल-निळे बुडबुडे स्पष्ट दिसतात, पण खोल्या मला तुझ्या वहीमुळे आठवत होत्या.

आपण मराठवाड्यातली मुलं, म्हणून तो किल्ला आपल्याला परका वाटला नसावा. शाळेच्या सहलीत देवगिरी किल्ल्याची अंधारी पाहिली होती. शत्रूला वाट चुकवण्यासाठीच बांधलेला तो बोळ, भिंतीला हात लावत चाललेली पोरं. मेकनरच्या डोक्यात सुरुवात होती ती ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाच्या पहिल्या दहा मिनिटांची. पण माणसाच्या सावध पावलावर टपून बसलेली वास्तू आपण गेमच्या आधीच पाहिलेली होती.

आता ती गोष्ट. चौथ्या लेव्हलमध्ये वाटेत आरसा उभा राहतो, पळत येऊन त्यातून उडी मारावी लागते, तेव्हा पलीकडून आपलीच सावली निघून जाते आणि आपल्यात एकच जीव उरतो. पाचवीत ती सावली आपल्याआधी बाटली पिऊन टाकते. सहावीत गेट बंद करून आपल्याला खाली पाडते. किती राग यायचा तुला तिचा! आठवीत गेट उघडणाऱ्या उंदरापर्यंत आपण पोचलो, मग तू कॉलेजला औरंगाबादला गेलीस आणि खेळ तिथेच राहिला.

ताई, ती सावली बाराव्या लेव्हलमध्ये पुन्हा भेटते. समोर तलवार उपसून उभी राहते. वार केला की आपलाच जीव कमी होतो. तिला मारलं तर आपणही मरतो. मग मी तलवार म्यान केली. तिनेही केली. मी तिच्याकडे चालत गेलो, ती माझ्याकडे आली आणि दोघं एक झालो. पुढे जमीन नाही, नुसती पोकळी. तरी पळत सुटायचं. पावलाखाली एकेक फरशी येत जाते.

सावलीची ही कल्पना सुचली ती अडचणीतून. मेकनरला सुरुवातीला लढाई नकोच होती. टोमी पिअर्स ही सहकारी लढाईसाठी त्याच्या मागे लागली, पण नव्या शत्रूची चित्रं ठेवायला कॉम्प्युटरमध्ये मेमरी उरली नव्हती. मग राजकुमाराचीच चित्रं थोडी सरकवून स्वतःवर चढवली आणि ती चमकणारी सावली तयार झाली. शिपायांना जागा नंतर झाली. मेमरी मुबलक असती तर आणखी एक राक्षस आला असता आणि आपण तो केव्हाच विसरलो असतो, असं माझं ठाम मत आहे.

या गेमची एक वाट आपल्याकडेही आली होती. याच मालिकेतल्या २००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतार करण्याचं काम युबिसॉफ्ट कंपनीने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिलं, सप्टेंबर २०२० मध्ये जाहीरही केलं. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. मला वाईट वाटलं. आपल्या पोरांच्या हातून तो राजकुमार पुन्हा पळताना पाहायचा होता. २०२४ मध्ये मात्र मालिकेतला ‘द लॉस्ट क्राउन’ आला, फ्रान्समधल्या माँपेलियेच्या स्टुडिओतून. त्यात अडलेल्या जागेचा फोटो काढून नकाशावर लावून ठेवता येतो. तू पेन्सिलने करायचीस तेच. चांगला गेम आहे, पण छोटूला आधी जुना दे.

डॉसबॉक्सवर तो सहज चालतो. ‘मेगाहिट’ टाकून लेव्हल ओलांडायची युक्ती त्याला सांगू नकोस, यूट्यूबवरचे व्हिडिओ लावू देऊ नकोस. कोरी वही आणि पेन्सिल शेजारी ठेव. तो चिडेल, पहिल्या दिवशी तळघरातच मरत राहील, मरू दे. सावलीचं गुपित तर मुळीच फोडू नकोस.

आणि तूही खेळ. नवव्या लेव्हलपासून पुढचा किल्ला तू पाहिलेलाच नाहीस. भाऊजींना नमस्कार, छोटूला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा भाऊ