निवडणाऱ्याची खुर्ची

स्वतःची नोकरी टिकविण्याची माणसाला जितकी हौस असते, तितकीच दुसऱ्याची घालविण्याचीही असते, असे माझे एक जुने मत आहे. ज्यांना या मताचा पुरावा हवा असेल त्यांनी कधीतरी संध्याकाळी आमच्या माजलगावला यावे. बसस्थानकाजवळ एक चहाचे हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, दोन टेबले, भिंतीवर एक टीव्ही आणि त्याच्या खाली ‘उधार बंद’ अशी पाटी. संध्याकाळी सहाच्या सुमारास तेथे भारतीय क्रिकेट संघाची निवड समिती भरते. खरी समिती पाच जणांची, आमची नऊ जणांची. त्यांना मानधन मिळते, आम्हांला चहाचे पैसे आपापले द्यावे लागतात. एवढा एक फरक सोडला तर अधिकार तोच, आणि आत्मविश्वास जरा जास्तच.

गोष्ट २६ नोव्हेंबर २०२५ ची. त्या दिवशी गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेने आपला ४०८ धावांनी पराभव केला. धावांच्या हिशेबात भारताच्या कसोटी इतिहासातला हा सर्वांत मोठा पराभव. त्याच्या दहाच दिवस आधी कोलकात्याला १२४ धावा हव्या असताना आपण ९३ वर आटोपलो होतो. म्हणजे मालिका २-० अशी गेली, तीही घरच्या अंगणात. साहजिकच त्या संध्याकाळी आमच्या समितीला गणसंख्येची अडचण पडली नाही. मी कॉलेजातून येऊन टेकतो न टेकतो तोच वकीलसाहेबांनी ठराव मांडला, “अजित आगरकरांना निवड समितीच्या अध्यक्षपदावरून ताबडतोब दूर करावं!”

“अनुमोदन!” कापडवाले शेठ म्हणाले. त्यांना क्रिकेटमधले फारसे कळत नाही. पण कोणालातरी दूर करण्याच्या ठरावाला अनुमोदन द्यायला कळावे लागतेच असे नाही.

वकीलसाहेबांनी आरोपपत्र वाचले. आगरकर जुलै २०२३ मध्ये आले. २०२४ साली न्यूझीलंडने आपल्याच घरी येऊन आपल्याला ३-० असे हरविले. पुढे ऑस्ट्रेलियात ३-१ अशी हार. मार्च २०२५ मध्ये रोहित शर्माने चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून दिली आणि ऑक्टोबरात त्याच्याच हातून एकदिवसीय संघाचे कर्णधारपद काढून घेतले. कर्णधारपद गेलेल्या त्या माणसाने त्याच महिन्यात सिडनीला नाबाद १२१ धावा केल्या! “आता सांगा,” वकीलसाहेब म्हणाले, “यापेक्षा जास्त पुरावा काय पाहिजे?”

“मग २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक कुणाच्या निवडीनं आला?” खतवाल्या पाटलांनी बचावाची बाजू घेतली. “चॅम्पियन्स ट्रॉफीचा संघ कुणी निवडला? इंग्लंडात नवी पोरं घेऊन दोन-दोन बरोबरी केली ती कुणी? जिंकलं की कर्णधार, हरलं की आगरकर; हा कोणता न्याय राव?”

येथे कंडक्टरसाहेबांना आमच्या जिल्ह्याची जुनी जखम आठवली. ती दर महिन्याला एकदा तरी आठवते. संजय बांगर हा बीडमध्ये जन्मलेला माणूस. २००२ साली लीड्सच्या दमट हवेत, चेंडू सापासारखा वळत असताना, तो सलामीला उभा राहिला आणि त्याने ६८ धावा केल्या. द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी झाली आणि तो सामना आपण डावाने जिंकलो. पुढे २०१४ पासून तो भारतीय संघाचा फलंदाजीचा प्रशिक्षक होता. २०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात आपले पहिले तीन फलंदाज एकेक धाव करून परतले, सामना १८ धावांनी गेला, आणि ऑगस्टमध्ये नव्याने नेमणुका झाल्या तेव्हा मुख्य प्रशिक्षक राहिले, गोलंदाजीचे राहिले, क्षेत्ररक्षणाचे राहिले. गेला तो एकटा बांगर! “बीडचा तेवढा दिसला का त्यांना?” कंडक्टरसाहेब दर वेळी विचारतात, आणि दर वेळी आम्ही सगळे मान हलवितो. त्या एका प्रश्नावर आमच्या समितीत एकमत आहे.

आमच्या समितीचे वयोवृद्ध सभासद म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते फार वेळ गप्प बसतात आणि मग एकदम इतिहासाचा तास घेतात. १९७१ साली ते कॉलेजात होते आणि रेडिओला कान लावून वेस्ट इंडीजचा दौरा ऐकत होते. “विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष,” ते म्हणाले, “मतं सारखी पडली. मर्चंटनी आपलं निर्णायक मत टाकलं आणि पतौडीच्या जागी आपला वाडेकर कर्णधार झाला. तेव्हा लोक काय कमी बोलले मर्चंटना? पण त्याच वर्षी वेस्ट इंडीजला जाऊन जिंकलो, इंग्लंडला जाऊन जिंकलो. झाले मर्चंट द्रष्टे!”

“आणि हरलो असतो तर?” पाटलांनी विचारले.

“तर ते मूर्ख ठरले असते. मत मात्र तेच एक!” मास्तर शांतपणे म्हणाले. “पुढचं ऐका. १९७४ ला तोच वाडेकर इंग्लंडात तीनही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर सगळा संघ ४२ धावांत बाद. ज्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी हार घातले त्यांनीच घरावर दगड मारले. इंदूरला त्या विजयाचं स्मारक म्हणून मोठी बॅट उभारली होती, तिला काळं फासलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरला वगळलं, आणि त्यानं बॅट खाली ठेवली. आणि कर्णधार कोण झाला ठाऊक आहे? पुन्हा पतौडी!”

हॉटेलात क्षणभर शांतता पसरली. मास्तरांच्या इतिहासानंतर ती नेहमीच पसरते. वकीलसाहेबांनी ती मोडली. “हे सगळं ठीक आहे मास्तर, पण कुणाला जबाबदार धरायचंच नाही का? २०२२ ला विश्वचषकाची उपांत्य फेरी दहा गड्यांनी हरलो, तेव्हा चेतन शर्मांची सगळी समिती बरखास्त केलीच ना?”

“केली,” पाटील म्हणाले, “आणि जानेवारीत त्याच चेतन शर्मांना पुन्हा अध्यक्ष नेमलं!” यावर सगळे हसले. फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला, हे सांगायला वकीलसाहेबांना कोणी सवडच दिली नाही.

इतक्यात रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रॉल्या. त्यांत पत्र्याच्या पेट्या, भांडी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, दोन शेळ्या, आणि सामानाच्या वर बसलेली बायामाणसे, लेकरे. उशिरा निघालेली एखादी टोळी असावी. सिंदफणेवर धरण झाले, आमच्या गावाभोवती ऊस आला, कारखाने आले. तरी दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातले कोयते पश्चिमेकडच्या आणि कर्नाटकातल्या उसावर निघतातच. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात.

त्या ट्रॉलीकडे पाहत, कोपऱ्यातल्या बाकड्यावरून, आतापर्यंत न बोललेला एक सभासद बोलला. त्याचे स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. तो एके काळी माझा विद्यार्थी होता.

“आमच्या तात्यांनी दहा वर्षं मुकादमकी केली,” तो म्हणाला. “मुकादम कारखान्याकडनं उचल आणतो आन् ती कोयत्यांना वाटतो. कुठला कोयता टिकल, कुठला मधीच निघून जाईल, हे उन्हाळ्यातच ठरवावं लागतं. ऊस तर हिवाळ्यात तोडायचा. कोयता पळाला की पैसे मुकादमाच्या बोकांडी. तेवढा हिशेब सगळे ठेवतात. पण ज्यो कोयता चांगला असून घेतलाच नाही, त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. म्हणून मी म्हणतो, जिंकलं का हरलं ते सोडा. ज्याला वगळलं त्याला आधी इचारलं होतं का, एवढं बघा. शमी म्हणला, मला कुणी इचारलं नाही. आगरकर म्हणले, आमचं बोलणं झालं होतं. खरं काय ते त्या दोघांना ठाऊक. पण खुर्ची ऱ्हावी का जावी, ते तिथं ठरतंय.”

“वा! सर, तुमचा विद्यार्थी बरं का!” शेठ म्हणाले.

मी चहाचा ग्लास तोंडाला लावला. त्यात चहा उरला नव्हता.

बारातेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजच्या वादविवाद मंडळाचे काम माझ्याकडे नुकतेच आले होते. बाहेरगावच्या एका मोठ्या स्पर्धेसाठी दोन विद्यार्थी पाठवायचे होते, एक अनुकूल बाजूने आणि एक प्रतिकूल. एकाचे नाव ठरलेलेच होते. दुसऱ्या जागेसाठी दोघे होते. त्यांतला एक होता गावातल्या चांगल्या घरातला, उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख. दुसरा हा. याचे पाठांतर कच्चे. पण समोरच्याचा मुद्दा पकडून त्यालाच परत करण्याची जी हातोटी याच्यात होती, ती मी पुढे कोणात पाहिली नाही. स्पर्धा जानेवारीत होती. याचे आईवडील दरवर्षी कारखान्यावर जात. मी मनाशी म्हटले, हा ऐन वेळी त्यांच्याबरोबर निघून गेला तर आपली फजिती होईल. मी सूचनाफलकावर पहिल्याचे नाव लावले.

आणि आम्ही स्पर्धा जिंकली! फिरती ढाल आली. प्राचार्यांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली आणि ‘निवड अचूक होती’ असे म्हटले. ढालीसह काढलेला आमचा फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे. हरलो असतो तर कोणीतरी विचारले असते, की त्या दुसऱ्या मुलाला का नेले नाही? मग मला उत्तर शोधावे लागले असते, आणि ते शोधताना कदाचित मलाच माझी लाज वाटली असती. पण विजयी माणसाला प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. माझी खुर्ची पक्की झाली. पुढे बारा वर्षे मीच निवड करीत आलो.

“मतदान!” वकीलसाहेबांनी टेबलावर थाप मारली. हॉटेलवाल्या काकांनी ग्लास मोजले. दूर करावे म्हणणाऱ्यांचे रिकामे ग्लास एका टेबलावर, राहू द्यावे म्हणणाऱ्यांचे दुसऱ्यावर. चार आणि चार! नववा ग्लास माझ्या हातात होता.

“सर, तुम्ही आमचे मर्चंट!” मास्तर म्हणाले. “टाका निर्णायक मत.”

मी ग्लास ‘राहू द्यावे’च्या टेबलावर ठेवला. मराठी माणूस मराठी माणसाला सांभाळून घेतो, असा शेरा वकीलसाहेबांनी मारला आणि सभा बरखास्त झाली. मी आगरकरांना मत दिले नव्हते, हे मी त्यांना कसे सांगणार? समोर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे होते, ते माझे मला ठाऊक. ज्याचा स्वतःचा हिशेब चुकता व्हायचा आहे, त्याला दुसऱ्याची खुर्ची काढताना हात पुढे करवत नाही. आणि असा ज्याचा हिशेब बाकी नाही असा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. हेडमास्तरांनी परीक्षेला किती मुले बसू दिली नसतील. शेठजींनी किती नोकर नुसते पाहून परत पाठविले असतील! मुलीसाठी आलेली स्थळे नाकारणारे आईबाप, भाडेकरू पसंत करणारे घरमालक, सगळे निवड समितीवरच आहेत. फक्त त्यांच्या सामन्यांचे धावफलक वर्तमानपत्रात छापून येत नाहीत.

घरी जाताना तो माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आला. शटर अर्धे खाली होते. मी बराच वेळ रेंगाळलो आणि शेवटी विचारले, “त्या वर्षी जानेवारीत, त्या स्पर्धेच्या वेळी, तू गावात होतास का रे?”

तो हसला. कोणती स्पर्धा, हे त्याने विचारले नाही.

“होतो की सर. त्या वर्षी आजी आजारी होती. तिच्यापाशी मला ठेवूनच आईअण्णा गेले होते. मी कुठं जाणार नव्हतो.”

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“यादी लागली होती ना सर,” तो म्हणाला, आणि वाकून शटर वर ढकलू लागला.

यंदाही स्पर्धेची यादी माझ्याच हाताने लागेल. दोघांचीच नावे असतील, नियमच तसा आहे. पण फलकावर कागद टाचण्यापूर्वी तिसऱ्याला बोलावून समोर बसवायचे आणि आधी त्याचे ऐकून घ्यायचे, असे मी ठरविले आहे. वेळ बराच जाईल. कदाचित ढालही येणार नाही, आणि मग प्राचार्यांच्या खोलीत माझ्या खुर्चीवर चर्चा होईल. होऊ दे. त्या बैठकीला बोलावणे आले, तर मोबाईलच्या दुकानातून मी एक वकील घेऊन जाईन.