फिजिक्स कुणाच्या रक्तात नसतं

"तुमच्या पोरांना फिजिक्स झेपत नाही, आर्ट्सला घाला." कोल्हापुरातल्या एका खासगी क्लासमध्ये आमच्या वस्तीतल्या मुलीच्या वडिलांना हे ऐकवलं गेलं. संताप आला. पण संतापाने गणित सुटत नाही, म्हणून आम्ही विहारातल्या अभ्यासिकेत तिच्या शेजारी बसलो.

चूक आमचीही निघाली. आम्ही तिच्याकडून रोज चाळीस गणितं घोटून घेत होतो. उतार दिसला की ती 'एमजी साइन थीटा' लिहायची, स्प्रिंग दिसली की दुसरं सूत्र शोधायची. ती चित्र वाचत होती, नियम नाही.

१९८१ साली अमेरिकेत ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी हेच दाखवलं. गणितांचे गट पाडायला सांगितल्यावर नवख्यांनी उताराची गणितं एकीकडे ठेवली, स्प्रिंगची दुसरीकडे. तज्ज्ञांनी दोन्ही एकत्र ठेवली, कारण ती ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाने सुटत होती. हे तज्ज्ञही एकेकाळी नवखेच होते. ही नजर घडवावी लागते.

पुरावा आपल्याकडेही आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातीच्या मुलांसोबत काम केलं. मोठा अडसर निघाला भाषेचा. तो दूर केला, विचार करायला शिकवलं, आणि दहावीचे निकाल सुधारले. मुलं तीच होती!

आम्ही पद्धत बदलली. रोज फक्त दहा गणितं. आधी पेन खाली. काय बदलतंय, काय कायम राहतंय, कुठला नियम आणि का, हे आपल्या बोलीत सांगायचं. मगच आकडेमोड. दोन महिन्यांनी ती म्हणाली, "दादा, ही दोन्ही गणितं एकच हाईत की!"

ज्यांच्या घरी शेजारी बसून असं विचारणारं कुणीतरी असतं, त्यांच्या यशाला 'मेरिट' म्हणतात. आपल्या पोरांच्या वाट्याला ते येत नाही, आणि मग दोष रक्ताला दिला जातो.

राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा राखून याच मातीत दार उघडलं. आत गेलेल्याच्या शेजारी बसणं हे आपलं काम आहे. बीएस्सी, इंजिनिअरिंग झालेल्या भावा-बहिणींनो, जयंतीच्या मिरवणुकीत आपण रात्र जागवतो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी अभ्यासिकेला द्या.

जय भीम!