आक्काची फुंकणी

माझी थोरली आत्या गेल्या पावसाळ्यात गेली. वय ८६. घरात सगळे तिला आक्का म्हणत. तिने जन्मात विडी-सिगारेट हातात धरली नाही, मशेरीसुद्धा लावली नाही. तरी तिच्या फाइलवर आजाराचं नाव होतं सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं. हा आजार विडी ओढणाऱ्यांचा, असं बहुतेकांना वाटतं. आपल्या खेड्यांतल्या अनेक बायकांना तो चुलीच्या धुरामुळे होतो.

वाई तालुक्यात तिचं सासर. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही गोठ्याकडे उघडणारी, म्हणून बहुधा बंद. चौदा माणसांच्या भाकरी, गुरांचं आंबोण, आंघोळीचं पाणी, सगळं बाभळीच्या लाकडांवर आणि शेण्यांवर. पावसाळ्यात सरपण ओलं असायचं, मग फुंकणी घेऊन दहा-दहा मिनिटं फुंकत बसायचं. सतराव्या वर्षी ती त्या चुलीपुढे बसली आणि घरात गॅस आला तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. सुट्टीत गेलेली आम्ही मुलं डोळे चुरचुरतात म्हणून पाच मिनिटांत बाहेर पळायचो. गरम भाकरी मात्र हक्काने मागायचो.

पुढे चढाला दम लागू लागला. 'वय झालं' म्हणत तिने काही वर्षं काढली, खोकल्याला अडुळसा आणि छातीला ओव्याची पुरचुंडी. शेवटी माझ्या दवाखान्यात आली. स्पायरोमेट्रीची नळी तोंडात धरून जोरात फुंकायला सांगितलं, तर म्हणाली, "जन्मभर फुंकणीच फुंकली, आता तूही फुंकायलाच लाव!"

पंप एकदा लागला की सुटत नाही, अशी भीती शेजारणींनी तिला घातलीच होती. (माझ्या निम्म्या पेशंटना ती कुणीतरी घातलेली असते.) तिने मला एवढंच विचारलं, "गोळी अंगभर फिरणार आणि हे थेट छातीत जाणार, असंच ना?" अगदी तसंच. म्हणून तर पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये पुरतं. अरुंद झालेल्या नळ्या त्याने पूर्ववत होत नाहीत, पण दम कमी होतो, दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येते. चौथी शिकलेली आक्का स्पेसर लावून, सावकाश श्वास घेऊन, पंपात स्टिरॉइड असल्याने नंतर न चुकता चूळ भरून पंप घ्यायची. माझे शिकलेले पेशंटही इतकं नीट करत नाहीत.

२०२२ च्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा भरती करावं लागलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. अशा पेशंटला ऑक्सिजनही मोजूनच द्यावा लागतो. घट्ट मास्क लावून श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅप मशीनवर ती सुधारली. घरी आल्यावर तिने मला आणि आतेभावाला समोर बसवलं. "मास्क चालेल. घशात नळी नको."

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं आगाऊ लिहून ठेवायला मान्यता दिली आहे. २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर कागद होतो. आक्काने तो त्याच वर्षी केला.

शेवटच्या वेळी मास्क पुरेना. आतेभाऊ मला म्हणाला, "दादा, आई गुदमरतेय आणि आपण नुसतं बघायचं?" नुसतं बघायचं नव्हतं. मॉर्फीनच्या अगदी लहान डोसाने गुदमरल्याची भावना कमी होते, तो सुरू केला होता. पंखा चेहऱ्यावर येईल असा लावला. रुग्णालयाने नियमाप्रमाणे दोन वैद्यकीय मंडळांचं मत घेतलं. नळी घातली नाही. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली, तेव्हा तिचा हात मुलाच्या हातात होता.

दहाव्याला दोघा-तिघांनी विचारलंच, मशीन का नाही लावलं? आतेभावाने आत जाऊन कागद आणला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. शेवटी सहीच्या वर आक्काने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती: 'माझा पंप शेजारच्या वहिनीला देऊ नये, तिला आधी फुंकून तपासून घ्यायला सांगावे.'

वहिनी पुढच्या सोमवारी दवाखान्यात आल्या.