आठवण पुसली नव्हती!

मला हे आधी कुणी का नाही सांगितलं? उंदरांवरचं संशोधन म्हणजे पिंजरे, इंजेक्शनं आणि रटाळ आलेख, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि मग एमआयटीतल्या सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेचा २०१६ सालचा शोधनिबंध हाती लागला. ताटातली आमटी पार गार झाली! (हे तोनेगावा म्हणजे १९८७ साली प्रतिपिंडांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले. तेवढ्यावर न थांबता स्वारी स्मरणशक्तीकडे वळली.)

तर मुळात उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. माणसांत काही घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या अल्झायमरची सदोष जनुकं त्याच्यात घालावी लागतात. मग मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठू लागतं आणि वागणं बिघडतं. हौदात पाण्याखाली लपवलेला चौथरा धडधाकट उंदीर सरावाने लक्षात ठेवतो. हा बिचारा गोल गोल पोहत राहतो. काहींना तर घरटंसुद्धा धड बांधता येत नाही. घरटं! मला तिथेच भरून आलं.

पण खरी कमाल पुढे आहे. तोनेगावांच्या गटाने आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले उंदीर घेतले. एका पेटीत ठेवून पायाला विजेचा हलका झटका दिला. तासाभराने त्याच पेटीत सोडलं, तर भीतीने जागीच थिजले. म्हणजे आठवण तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी सोडलं, तर मजेत हिंडतायत! निरोगी उंदीर मात्र थिजलेलेच. गेली म्हणायची आठवण?

थांबा. झटका बसताना हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या ज्या पेशी जाग्या झाल्या, नेमक्या त्यांच्यातच एका सूक्ष्म हिरव्या शैवालाचं प्रथिन बसवलेलं होतं. निळा प्रकाश पडला की त्या पेशी पेटतात. मग उंदराला वेगळ्याच, निर्धोक पेटीत ठेवून मेंदूत बारीक तंतूतून प्रकाश सोडला. आणि उंदीर थिजला! आठवण होती हो, जागच्या जागी होती. घर शाबूत, पायवाट तेवढी बुजलेली.

ती पायवाटही त्यांना दिसली. या पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, शेजारच्या पेशींचा निरोप तिथे पोचतो. आजारी उंदरांत ते काटे कमी झाले होते. तिथे येणाऱ्या मज्जातंतूंना प्रकाशाने वारंवार चेतवलं, तर काटे पुन्हा वाढले आणि उंदराला दिव्याशिवाय, आपलं आपण आठवू लागलं! हे वाचून मी खुर्चीतून उठून घरभर फेऱ्या मारल्या.

आता हुरळून किती जायचं, तेही बघायला हवं. उंदरांत झकास चाललेली अमायलॉइडविरोधी लस माणसांना दिली, तेव्हा काहींच्या मेंदूला सूज आली आणि २००२ साली चाचणी थांबवावी लागली. हा प्रकाशाचा प्रयोगही काही उपचार नव्हे. शिवाय तो सुरुवातीच्या टप्प्याबद्दलच बोलतो; पेशीच मेल्यावर काय, याचं उत्तर त्यात नाही. तरीही माझ्या मते गेल्या काही वर्षांत मेंदूविषयी याहून थरारक काही छापलेलं नसेल.

'नेचर'च्या मार्च २०१६च्या अंकात तो शोधनिबंध आहे, पहिलं नाव धीरज रॉय. इंग्रजी जड गेलं तर नुसते आलेख बघा, पण बघाच.