भेटवस्तूची निवड

भेट देणें सोपें, परंतु योग्य भेट निवडणें कठीण, असा अनुभव पुष्कळांस येतो. देणाऱ्याची दृष्टि बहुधा दुकानाच्या कपाटाकडे लागलेली असते. ती घेणाऱ्याच्या हातांकडे वळली, म्हणजे अर्धें काम झालेंच म्हणून समजावें.

गेल्या नाताळांत मजपुढें असाच प्रश्न उभा राहिला. आमची एक माजी विद्यार्थिनी, जी आतां एका कारखान्यांत नोकरीस आहे, पोलंड देशाच्या स्वयंपाकाची व तेथील पाव-केक भाजण्याची मोठी शौकीन आहे. आकुर्डीस खंडोबाच्या माळाजवळ वाढलेल्या मुलीस हा दूरचा छंद कोठून जडला, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर कोल्हापुरांत आहे.

दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट रशियानें आपल्या घरांदारांतून हांकलून सैबेरियाकडे नेलेल्या पोल लोकांपैकीं सुमारें ५,००० जण, बहुतेक स्त्रिया व मुलें, इराणमार्गें हिंदुस्थानांत आले व १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळील वळिवडें येथील छावणींत राहिले. तेथें त्यांच्या शाळा, उपासनामंदिर व दवाखाना होता. पुढें त्याच जागीं फाळणीनें निराश्रित झालेले सिंधी बांधव वसले. तेंच आजचें गांधीनगर. आमच्या विद्यार्थिनीची आजी त्या काळीं वळिवड्याजवळ राहणारी लहान मुलगी होती. एका पोल बाईनें तिच्या हातावर ठेवलेल्या खसखशीच्या गोड पावाची चव ती म्हातारपणींहि वर्णन करीत असे. आजी निवर्तली, ती चव तिच्याबरोबर जाऊं नये म्हणून नातीनें पीठ मळावयास घेतलें.

अशा मुलीस काय द्यावें? चित्रांचें पाकपुस्तक सुंदर खरें, पण तिच्या फळीवर तशीं दोन आहेत. परदेशी राय धान्याचें पीठ उपयोगी, पण चार दिवसांत संपणारें. म्हणून तिच्या पदार्थांच्या कृतींचाच विचार करूं लागलों, तों असें दिसून आलें कीं, लागणारीं साधनें आपल्याच घरांत आहेत. ‘पिएरोगी’ म्हणजे बटाटा व पनीर, अथवा कोबी व अळंबीं भरून उकडलेली करंजीच म्हणाना. तिच्या कडा कापावयास आपलें कातण चालतें. ‘माकोविएत्स’ ही खसखशीच्या सारणाची गुंडाळी. तिकडची खसखस निळसर काळी व आपली पांढरी, पण वनस्पति एकच. ती भिजवून वाटावयास पाटा-वरवंटा उत्तम. आणि त्यांचा तो आंबवलेला कोबी! एक किलो चिरलेल्या कोबीस सुमारें २० ग्रॅम मीठ चोळावयाचें, आणि सुटलेल्या पाण्याखालीं तो बुडून राहील असें वजन वर ठेवावयाचें. तांब्या-पितळेच्या भांड्यांत असा आंबट पदार्थ कळकतो. चिनी मातीच्या बरणींत तें भय नाहीं.

शेवटीं मीं लोणच्याची बरणीच घेतली. तोंड रुंद, आंत हात व वजन दोन्ही जातील असें. झिलईस कोठें तडा नाहीं, हें बोट फिरवून पाहिलें. सोबत पावशेर खसखस ठेवली. दुकानांतील शोभिवंत केकाहून हा खर्च कमीच झाला. आपल्या हवेंत कोबी लवकर आंबतो. आठ दिवसांनीं तिनें वाटीभर आणून दिला, व आम्हीं तो ज्वारीच्या भाकरीशीं खाल्ला. ‘‘सर, आजीनें हा भाकरीशींच खाल्ला असता,’’ ती म्हणाली.

पोलंडांत नाताळच्या आदल्या रात्रीं भोजनास एक पान अनपेक्षित पाहुण्यासाठीं रिकामें मांडण्याची रीत आहे. ज्यांच्यासाठीं जगांत फारसें कोठें पान मांडलेलें नव्हतें, त्यांस कोल्हापूरच्या भूमीनें पांच वर्षें जागा दिली. आणि त्यांच्यांतील एकीनें आपल्या तुटपुंज्या शिध्यांतून एका परक्या मुलीस गोड पाव दिला. ती भेट लहान होती, पण तिसऱ्या पिढीपर्यंत पोंचली.

म्हणून विद्यार्थ्यांनो, कोणास भेट द्यावयाची झाल्यास प्रथम किंमत विचारूं नका. तो मनुष्य काय करूं पाहत आहे, कशाची आठवण जपीत आहे, हें पाहा. तुमची भेट त्या कामीं आली, तर ती कपाटांत पडून राहणार नाहीं.