तेच तेच मागणं

मंडळातल्या एका काकांनी मला मध्यंतरी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती लोक देवापुढे रोज तेच गाऱ्हाणं काय मांडता? त्याला एकदा सांगून कळत नाही का?" प्रश्नात खवचटपणा नव्हता. संपादकांनी पानभर जागा दिली आहे, तेव्हा उत्तर सर्वांसाठीच लिहिते.

काकांची शंका खुद्द बायबलात आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उगाच शब्दांची लांबण लावू नका, तुमची गरज पित्याला आधीच ठाऊक असते. पण लूकच्या अठराव्या अध्यायात तोच येशू एका विधवेची गोष्ट सांगतो. न्यायाधीश असा की त्याला ना देवाची भीती, ना माणसांची चाड. बाई रोज येऊन न्याय मागते. शेवटी ही आपलं डोकं खाईल म्हणून तो निकाल देतो. (आपल्याकडच्या तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना ही बाई वेगळी समजावून सांगायला नको.) देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं येशूला म्हणायचं नाही. असला माणूससुद्धा ऐकतो, तर देव का ऐकणार नाही, एवढाच मुद्दा.

मला स्वतःला जवळची वाटते ती मोनिका, संत ऑगस्टीनची आई. आजच्या अल्जीरियातली, चौथ्या शतकातली. मुलगा हुशार, पण विशीच्या आतच मानी नावाच्या इराणी गुरूच्या पंथात गेला आणि नऊएक वर्षं तिथेच रमला. ती रडून प्रार्थना करायची. एका बिशपांकडे गेली, माझ्या मुलाशी वाद घाला म्हणाली. ते म्हणाले, आत्ता तो ऐकायचा नाही, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. तरी ती हटेना, तेव्हा वैतागून त्यांनी तुझी आसवं फुकट जायची नाहीत असा दिलासा देऊन तिला वाटेला लावलं.

पुढचा प्रसंग मला फार विचारात पाडतो. ३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला. तो जाऊ नये म्हणून आई कार्थेजच्या बंदराजवळच्या देवळात रात्रभर प्रार्थना करत बसली, आणि हा तिला फसवून जहाजात बसला. म्हणजे मागितलं ते मिळालं नाहीच. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे त्याला बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका वारली.

सगळ्यांचं असं होत नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. म्हणून "चिकाटीने मागा, मिळेलच" असं कोणी सभेत ठासून सांगितलं की मला राग येतो. मी रसायनशास्त्राची. स्फटिक तयार होत नसले तर काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडावा, एखादा बीजस्फटिक टाकावा, असे उपाय आम्हाला शिकवलेले असतात. प्रार्थनेत तसली कांडी नाही.

माझा धाकटा भाऊ नगरला असतो. दारू सुटत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा राहून आला, दोन्ही वेळा चार-सहा महिने बरे गेले. आई रोज संध्याकाळी सातला त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते, अकरा वर्षं झाली. काय मागतेस, असं मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, "आधी त्याची सुटावी म्हणून मागायचे. आता तेही मागते, आणि तो आला की माझ्या तोंडून वाकडं येऊ नये हेही मागते." हे दुसरं तिला बरंचसं मिळालं आहे. भाऊ अजूनही तिच्या हातचं जेवायला घरी येतो, कधी कधी शुद्धीत.

तिच्याकडे सात वाजतात तेव्हा इथे हिवाळ्यात सकाळचे साडेआठ झालेले असतात. मी प्रयोगशाळेत कोट चढवत असते. तेवढ्यात मीही त्याचं नाव घेते.