आमचा झाडांचा धंदा

डॉक्टर, वकील, इंजिनियर या मंडळींना आपला व्यवसाय कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं. आमचें तसें नाहीं. “आम्ही झाडांची पाहणी करून सल्ला देतों” असें म्हटलें कीं ऐकणारा क्षणभर आमच्याकडे पाहतो आणि मग बहुधा विचारतो, “म्हणजे रोपें कोठें मिळतात?” एका सद्गृहस्थांनीं तर घरच्या कढीलिंबावर कीड कां पडते याची तासभर चौकशी केली आणि चहा पाजून आमची बोळवण केली. धंद्याच्या पहिल्या वर्षाची आमची मिळकत बरीचशी या चहाच्या रूपानेंच झाली.

वास्तविक काम साधें आहे. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजावा, उंची व पसारा टिपावा, बुंध्याशीं अळंबी उगवली आहे का, खोडांत ढोली आहे का, मुळांलगतची जमीन उचलली आहे का हें पाहावें, लाकडी मोगरीनें ठोकून आवाज ऐकावा, आणि झाड ठेवावें, छाटावें कीं तोडावें याविषयीं सहीनिशीं मत द्यावें. ध्वनिलहरींनीं खोडाचें अंतरंग दाखविणारीं यंत्रेंही आतां आहेत. गिऱ्हाइकाचा विश्वास मोगरीपेक्षां यंत्रावर अधिक. आमचा अजून मोगरीवर आहे.

इंग्लंडांत या धंद्याचें चांगलें बस्तान बसलें आहे. बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठीं तेथें 5837 क्रमांकाचें ब्रिटिश मानक आहे. त्याच्या 2012 च्या आवृत्तींत झाडांची प्रतवारी कशी करावी हें सांगितलें आहे, आणि खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचें वर्तुळ मुळांसाठीं राखावें असाही त्यांत दंडक आहे. नकाशासोबत पाहणीचा अहवाल नसेल तर अर्ज बहुधा अडतो; म्हणून गिऱ्हाईक आपल्या पायांनीं चालत येतें. आपल्याकडेही 1975 चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून शहरांतलें झाड तोडतां येत नाहीं, आणि झाडांची गणना दर पांच वर्षांनीं व्हावी असें त्यांत म्हटलें आहे. परंतु परवानगी मागणाऱ्याच्या मनांत सल्लागार म्हणजे ती मिळवून देणारा इसम! हितचिंतकांनींही आम्हांला तोच मार्ग दाखविला. कार्डें छापा, बिल्डरांना भेटा, पहिलें काम स्वस्तांत करा, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवें तें ओळखा.

ओळखण्याची वेळ लवकरच आली. पुण्यांतल्या एका जुन्या बंगल्याच्या जागीं इमारत उठावयाची होती. अंगणांत चिंचेचें झाड होतें. 2021 सालीं कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाचें झाड वारसा-वृक्ष ठरतें. शिवाय झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावावीं लागतात. तेव्हां चिंचेच्या प्रत्येक वर्षाला किंमत आली होती. “पंचेचाळीस लिहा, साहेब. चार-पांच वर्षांनीं काय बिघडतें?” बांधकाम करणारे गृहस्थ म्हणाले, आणि पुढच्या तीन जागांचीं कामें आमच्याकडेच येतील, असेंही हंसत हंसत त्यांनीं सुचविलें. त्याच महिन्यांत मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची होती.

झाडाचें वय सांगणें ही सोपी गोष्ट नव्हे. सागाच्या खोडांत वर्षावर्षाचीं वलयें स्पष्ट उमटतात; पण आपल्याकडील कित्येक झाडांत तीं भरंवशाचीं नसतात. शिवाय जिवंत खोड आडवें कापून वलयें मोजणें म्हणजे रोग्याचें वय कळावें म्हणून त्याचा गळा कापणेंच. घेरावरून अंदाज बांधावा, तर विलायती शिरीष भराभर वाढून ऐन तारुण्यांत आजोबा दिसूं लागतो, आणि चिंच अंगानें बेताची राहून वय चोरते. आम्हीं बंगल्याच्या मूळ मालकांच्या नातेवाइकांना गांठलें. त्यांच्या ट्रंकेंत 1958 सालच्या एका मुंजीचा फोटो निघाला. बटूच्या मागें चिंच, माडीच्या कठड्याला टेंकलेली! वय सत्तरीच्या अलीकडे नाहीं असा अहवाल आम्हीं लिहिला व त्याला फोटोची प्रत जोडली. राहिलेले पैसे गृहस्थांनीं आजतागायत दिलेले नाहींत. तीन जागाही दुसरीकडे गेल्या.

आमच्या सौभाग्यवतींनीं फक्त एवढेंच विचारलें, “आणि तो फोटो मिळालाच नसता तर?” प्रश्न मोठा अवघड होता. पंचेचाळीस आम्हीं लिहिले नसते हें खरें; पण “पन्नाशीच्या आसपास” असें गुळमुळीत लिहावयास कोणाची हरकत होती?

दिवस काढले ते सोसायट्यांच्या कामांवर. मे महिना लागला कीं पावसांत फांदी कोसळेल या धास्तीनें सेक्रेटरींचे फोन येतात. पैसे थोडे मिळतात, पण एक सेक्रेटरी दुसऱ्याला आमचें नांव सांगतो. अशाच एका सोसायटींत मंडळींना आपला गुलमोहर वांचवावयाचा होता. कोणी तरी उगीच भीति घालतो आहे, हें आम्हीं लिहून द्यावें अशी त्यांची अपेक्षा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ; त्यांत याच्या बुंध्याशीं अळंबीचे थर होते, मोगरीचा आवाज रिकाम्या पेटीसारखा येत होता, आणि खोड झुकलें होतें तें मुलांच्या घसरगुंडीवर. आम्हीं तोडण्याचा सल्ला दिला. “वृक्षप्रेमी म्हणवतां आणि कुऱ्हाड सुचवतां?” एक बाई रागानें म्हणाल्या. आम्ही स्वतःला तसें कधींच म्हणवून घेतलें नव्हतें. डॉक्टरला माणसें आवडतात कीं नाहीं, हें कोणी विचारतें का?

याप्रमाणें तोडणारे आणि राखणारे असे दोन्ही पक्ष आमच्यावर रुष्ट झाले असतां एका वकिलांचा फोन आला. ते त्याच गुलमोहराच्या सोसायटींत राहतात. आणि चिंचेच्या गृहस्थांनीं, हा मनुष्य मुळींच ऐकत नाहीं, अशी आमची तक्रार त्यांच्यापाशीं केली होती. त्यांच्या एका अशिलाच्या मोटारीवर फांदी पडून दावा उभा राहिला होता. झाड आधींपासून किडलेलें होतें का, याविषयीं मत हवें होतें. “तें माझ्या अशिलाच्या विरुद्ध गेलें तरी चालेल,” वकील म्हणाले, “पण मला आधीं कळलें पाहिजे.” त्यांनीं दर विचारला. आम्हीं सांगितला, आणि त्यांनीं घासाघीस केली नाहीं.